कुणाच्या तरी जागी

पावणेसहाला ब्यूरोचा फोन.
"मिरज. स्टेशन रोड. चौथा मजला, नाइट."
एवढंच. पेशंट किती, सर्जन कोण,
ते जिना सांगेल.

आठच्या ड्युटीला सातवीसला पोचते.
ही चाळीस मिनिटं माझ्या खिशातली.
लिफ्ट घेत नाही. एकदा पायांना कळलं पाहिजे
रात्री लाइट गेली तर कुठून पळायचं.

चपलांच्या खणात चपला ठेवते,
तिथंच ठेवते एक वाक्य :
"तिकडं आम्ही असं करत नाही."

मग विचारायचं, क्रॅश कार्ट कुठंय.
कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला.
आणि मावशींचं नाव.
(हे सगळ्यात आधी विचारायचं असतं
हे कळायला मला तीन वर्षं लागली.)
गुलशनमावशींना ठाऊक असतं
कुठल्या खाटेचा कठडा हात लावताच पडतो,
कुठले डॉक्टर ओरडतात पण येतात,
कुठले गोड बोलतात आणि येत नाहीत.

दिवसपाळीची सिस्टर पर्स खांद्याला लावून म्हणते,
"सगळं नॉर्मल आहे, बघा."
मी म्हणते, चला की, खाटांवरनं एक फेरी मारू.
तिची शेवटची बस असते कवठेपिरानला.
तोंड वाकडं होतं. होऊ दे.
लवकर चालते मी, पण चालते.

लॉकरवर चिकटपट्टी : शोभना लोंढे.
ती बाळंतपणाला गेलीय.
मी तिचा लॉकर उघडत नाही, तिचा कप घेत नाही,
तिच्याबद्दल कुणी काही सांगू लागलं
की मला नेमकं सलाइन बघायचं असतं.

पेन दोन. एक कुणीतरी मागून नेतं,
ते गेलंच धरायचं.
दुसरं गळ्यात, नाडीला.

रात्री दोनला नवे डॉक्टर आले,
अकरा नंबर, हर्नियाचं ऑपरेशन, यल्लाप्पा बन्ने.
टॉर्च टाकला तर दोन्ही तळवे पिवळेधमक.
"काविळ! आधी कुणाला दिसलं नाही?
रक्त पाठवा. सगळं पाठवा."
आणि माझंच पेन घेऊन लिहायला लागले.

बदलीच्या बाईनं आवाज किती काढायचा
हे कुठल्याच पुस्तकात नाही.
एकदा इस्लामपुरात मी विचारलं नव्हतं.
वाटलं, त्यांना माहीत असेल.
त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.
पण तेव्हापासून विचारते.

"सर, डोळे बघता एकदा?
नऊला लघवी बघितलीय मी, स्वच्छ होती."

पापणी खाली ओढली.
आत पांढरं, चुन्याच्या भिंतीसारखं.
यल्लाप्पा झोपेतच करवादला,
"हळद हाय ती, बाई.
यार्डात बावीस वर्सं पोती उतरतोय.
साबणानं जात न्हाय.
लग्नात नवऱ्याला लावत्यात ना, तसली.
आमचं रोजच लगीन."

डॉक्टर हसले नाहीत. कागद फाडला, खिशात घातला.
वयानं लहान होते, कान लाल झालेले दिसले.
मी दुसरीकडं बघितलं. तीही एक सवयच.
मग नोंद केली :
दोन्ही तळवे पिवळे. डोळे पांढरे.
पेशंट हळदीच्या बाजारात हमाल.
डॉक्टरांनी तपासलं, दोन वाजून वीस मिनिटं.
खाली सही, पूर्ण नाव, वाचता येईल असं.
सकाळी मी नसेन.
अक्षराला थांबावं लागतं.

साडेसातला पडदे सरकवले.
यल्लाप्पा उठून बसलेला,
चहाचा ग्लास त्या पिवळ्या हातात.
"उद्या हायसा का?"

हो म्हणणं सोपं असतं. म्हणत नाही.
"उद्या दुसरं कुणीतरी असंल.
पण तुमची हळद लिहून ठेवलीय मी."

रिक्षात बसल्यावर आठवलं,
पेन डॉक्टरांकडंच राहिलं.
जाऊ दे.
नाडीचं आहे.