बचाव

पासष्टाव्या वर्षी मला फुटबॉल कळायला लागला,
तोही रशियनमधून.

क्लबातून फोन आला : बाई, तुम्ही बॅलार्ड पिअरला
जहाज कंपनीत दुभाषी होतात ना,
एक पोरगा आलाय, बावीसचा, डिफेंडर,
प्रत्येक गोष्टीला 'ओके' म्हणतो
आणि ओके काहीच नसतं.

नाव तीखन. ऐकायला त्यांच्या 'शांत' या शब्दाच्या शेजारचं.
आठवड्याभरात पोरांनी त्याचं तिखट केलं.
व्यात्का नदीकाठचा. आई पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
बर्फ खरवडलेल्या मैदानावर सहाव्या वर्षापासून
दुसऱ्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायला शिकलेला.

माझं रशियन पेडर रोडवर शिकलेलं, अठ्ठ्याहत्तर सालचं.
ते ज्या देशाचं, तो देश आता नाही.
मी बोलले की तो हसू दाबायचा,
जणू कुणी बंद झालेली नाणी घेऊन
भाजी आणायला निघालंय.

कूपरेजच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत मी.
तुस्कानो सर वसईच्या ठसक्यात ओरडायचे,
मी त्याचं रशियन करून ओरडायचे,
तोवर चेंडू तिसऱ्याकडे पोचलेला.
'त्याला सांगा, समोरच्याच्या पायांकडे बघू नको.
पाय खोटं बोलतात. कंबरेकडे बघ.'
हे सांगताना मी उगाच पदर सारखा केला.

अकरा सामने. गोल शून्य.
पिवळी कार्डं तीन, त्यातलं एक माझ्यामुळे,
'थांब'ला मी चुकून 'धर' म्हणाले होते.

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला एकदा
गोलकीपर फसून पुढे गेलेला, मागे उघडं जाळं,
आणि हा कुठूनसा घसरत आला
अंगभर चिखल, रेषेवरून बोटभर अलीकडे.
गोल झाला म्हणून उठलेली माणसं
तशीच अर्धवट उभी राहिली,
मग कुणी पाण्याची बाटली शोधू लागलं.
रात्री मी विचारलं, कसं वाटलं?
म्हणाला, माझं काम नीट झालं
तर काहीच घडत नाही.

डिसेंबरात गुडघा गेला.
परळच्या हॉस्पिटलात काळ्या फिल्मवर डॉक्टरांची पेन्सिल फिरत होती,
आणि माझ्याकडे लिगामेंटला शब्द नव्हता.
चहाच्या पेट्या, सिमेंट, यंत्रांचे सुटे भाग,
एवढंच आयुष्यभर इकडचं तिकडे केलेलं.
शेवटी बिलांवरचा जुना शिक्का आठवला,
'वाहतुकीत नुकसान झालेला माल'.
नुकसानीचा शब्द बरोबर निघाला.
त्याला लगेच कळलं. मला वाटलं होतं, हसेल.

मग मॅनेजरची केबिन. एसी, काजू, कराराचा कागद.
'बाई, जरा गोडीत सांगा. मार्चपर्यंत आम्ही थांबू शकत नाही.'
मी सांगितलं, गोडी न घालता.
त्याने खिडकीबाहेर बघितलं
आणि एकच शब्द बोलला : लादनो.
म्हणजे, बरं. म्हणजे, असू दे.

चाळीस वर्षांत मी स्वल्पविरामसुद्धा पदरचा घातला नव्हता.

मी म्हणाले, तो म्हणतोय, नववं कलम बघा.
सामन्यात झालेली दुखापत, ऑपरेशन क्लबच्या खर्चाने.
तो म्हणतोय, लेखी द्या.
तो म्हणतोय, तिकीट आईच्या गावापर्यंतचं, मॉस्कोपर्यंतचं नव्हे.
मॅनेजर माझ्या तोंडाकडे बघत होता.
तीखनही बघत होता :
एवढ्याशा शब्दाचं एवढं लांब मराठी?

जिना उतरताना, कुबडी आधी, पाय नंतर,
त्याने विचारलं, मी काय म्हणालो?
मी म्हटलं, बरं म्हणालास.

परवा फोटो आला. मैदान पांढरं,
कडेला कुणीतरी फावडं टेकून ठेवलेलं.
खाली देवनागरीत, एकेक अक्षर खोदल्यासारखं :
कंबर.

उलट काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.