एककाचा फासा

दांडिया बाजारात कारखानीसांच्या चष्म्याच्या दुकानामागे
एक खोली आहे. शनिवारी शटर अर्धं खाली आलं
की आम्ही चौघं तिथे वेडं व्हायला जमतो.

टेबल म्हणजे भिंगं घासायचं जुनं बाक.
त्यावर शेवउसळीचे डाग पडलेले कागद, शिसपेन्सिली,
एकच खोडरबर,
आणि दहा बाजूंचे दोन फासे:
हिरवा दशकाचा, पांढरा एककाचा.

नियमांच्या इंग्रजी पुस्तकातल्या एका शब्दावर
पहिल्या रात्री आम्ही तासभर अडलो होतो.
तहेरा म्हणाली, अक्कल लिहा. उर्विल म्हणाला, मगज.
मी म्हटलं, डोकं ठिकाणावर असणं,
पण कागदावर तेवढी चौकट नव्हती.
शेवटी कारखानीसांनी लिहिलं: भान.
भान पंचावन्न. भान साठ.
नको ते दिसलं की त्यातून वजा करायचं.

आईला सांगितलं तर हसली.
तिच्या गुरुवारच्या भजनात भान हरपावं म्हणून
बायका टाळ कुटून घामाघूम होतात,
आणि तुम्ही ते उसळ खात घालवता?

माझं पात्र दत्ताजी फणसे, सरकारी मोजणीदार,
साल एकोणीसशे सत्तावीस, पगार चाळीस रुपये, दमा.
सुरसागराची खोली मोजायला आलाय.
दोर सोडतो. संपतो.
दुसरा बांधतो. तोही संपतो.
कचेरीतून तिसरा मागवतो, पावती देऊन.
वर ओढतो
तेव्हा तिसऱ्याला चौथा बांधलेला असतो.
गाठ त्याच्याच हातची.

कारखानीस आवाज चढवत नाहीत. भिंग पुसत म्हणतात,
ते तुमच्यावर रागावलेलं नाही.
राग यायला आधी तुम्ही दिसायला हवात.

मला मगर आठवली.
दोन वर्षांपूर्वी विश्वामित्री चढली तेव्हा
सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलेली, माझ्या स्कूटरशेजारी.
गच्चीतून सगळे व्हिडिओ काढत होते.
मी जिन्यात, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.
तिच्या हिशोबात मी होतो,
एका वेळचं जेवण म्हणून का होईना.
तेव्हा कुणी फासे टाकायला सांगितले नाहीत.

दत्ताजी, वाकून बघणार?

भान त्रेचाळीस. इतकं खोडलंय
की कागद उजेडात धरला तर आकड्यामागे बल्ब दिसतो.
तहेराची वार्ताहर केव्हाच इस्पितळात,
ती निवांत शेव निवडून खातेय.
उर्विल म्हणतो, रेवा दे यार, दोर काप,
कचेरीत लिहून टाक: गाळ पुष्कळ.

लिहिता आलं असतं.
पण मी दिवसाचे आठ तास पॅथॉलॉजीत
लोकांच्या काचपट्ट्या बघतो.
न बघणं मला कुणी शिकवलेलं नाही.

टाकले.
हिरवा थांबला. चाळीस.
पांढरा बाकाच्या कडेवर उडाला, खाली,
टण्ण, आणि लोखंडी कपाटाखाली.

शून्य ते तीन आलं तर वाचलो.

टॉर्च मारली. मेलेलं झुरळ,
कुणाच्या तरी उजव्या डोळ्याचं अर्धं भिंग,
त्यापलीकडे फासा, पांढरा, कोपऱ्यावर टेकलेला,
आकडा भिंतीकडे.
झाडूची काठी पोचत नाही. कपाटात दोन हजार फ्रेमा.
बीजो नाख ने, उर्विल म्हणाला.
कारखानीस म्हणाले, नाही. पडला तो पडला.

तीन शनिवार झाले. आम्ही दुसरी गोष्ट लावली आहे,
तिच्यात मी पोस्टमन आहे, भान सत्तर.
लॅबमधून परतताना तलावाकाठी थांबतो.
मधला शंकर दिव्यांनी उजळलेला,
मक्याच्या कणसाचा धूर,
पोरं कठड्यावर चढून फोटो काढतात.
मी कठड्याला हात लावतो फक्त.

दिवाळीच्या सफाईला कपाट हलवू, असं ठरलंय.
त्याला अजून दीड महिना आहे.
तोवर दत्ताजी पायरीवर ओणवा, हातात चौथा दोर.
त्याचा पगार चालू आहे का,
हे कारखानीसांना विचारायचं राहिलं.