शेरा

फाटकाशी एक वही, दोरीला बांधलेलं पेन.
नाव, गाव, आत गेल्याची वेळ, परतल्याची वेळ,
आणि शेवटचा अरुंद रकाना: शेरा.
लिहिलं, मृणालिनी कर्णिक, ऐरोली सेक्टर आठ, सात दहा.
शेरा परतल्यावर, म्हणाला काथोड मढवी
आणि काठी घेऊन पुढे झाला.

वाट वाटोळी आहे, पावणेतीन किलोमीटर.
आधी करंज, भेंड, मग एक बुटकी सावर
जिच्या काट्यांवर कुण्या शाळेच्या सहलीनं
गोळ्यांचे चकाकते कागद टोचून ठेवलेत.
मग झाडं ठेंगणी होत जातात,
पायाखालची माती बोलायला लागते, चप् चप्,
तिवराची मुळं चिखलातून वर,
पेन्सिलींचा डबा सांडावा तशी.

मला पेन्सिलीच आठवणार.

"हा बांध आमचे आज्याचा, बाय.
आत भात, भायेर खाडी, मधी उघाडी.
उधाणाला तो रातचा उठून दार लावी."
काठीनं त्यानं दाखवली जागा,
दोन दगड, बाकी मारांदीचं काटेरी रान.

बांध मला माहीत होता.
एक्याऐंशी साली, चौथ्या मजल्यावर,
पंख्याखाली कागद उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांना शिसं ठेवून
मी तो काढला होता, शून्य पूर्णांक दोनच्या पेननं.
मग साहेब म्हणाले, हा नको.
ट्रेसिंगवरची रेघ खोडत नाहीत, खरवडतात,
अर्ध्या ब्लेडनं, हलक्या हातानं,
आणि नखानं ती जागा पुन्हा घोटतात
म्हणजे खालून काही होतं हे छापात दिसत नाही.
मी त्यात हुशार होते.
माझं अक्षर चांगलं, म्हणून सूचीही माझ्याकडे:
आडव्या तुटक रेघा, वर गवताचे तीन फराटे,
आणि समोर, ठसठशीत,
दलदल, निरुपयोगी.

लाकडी पुलावर एक फळी डुगडुगली.
गुडघा कळवळला, कठडा धरून मी थांबले,
आणि तिथेच, का कुणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं.
खाली निवटी चिखलावरून सरपटत होती,
डोळे डोक्यावर, चष्मा कपाळावर ढकलल्यासारखे.
काथोडनं ऐकून घेतलं. मग विचारलं,
"तवा पगार किती व्हता?"
सहाशे चाळीस.
"बरा व्हता," म्हणाला, आणि काठीनं
एक चिंबोरीचं बीळ दाखवलं.

आज अष्टमी, भांगाचं पाणी,
ना धड येतंय ना जातंय.
शेकाटे उभे, लाल काटकुळे पाय अन् त्यांची वाकडी सावली.
पलीकडे मुलुंडचे टॉवर, पुलावर ट्रकची रांग,
आणि त्या दोहोंच्या अलीकडे रोहित, दीडदोनशे,
मी गुलाबी शोधत होते, ते निम्मे करडेच.
"पोरं हाईत अजून.
चिकलात तोंड घातल्याबिगर रंग येत नाय."
एकानं मान वर केली, चोच निथळली,
पुन्हा उलटी करून पाण्यात घातली.
मी किती वेळ बघत होते कळलं नाही.
काथोड दोनदा खोकला.

वाटोळ्या वाटेचं एक बरं असतं,
परत फिरावं लागत नाही,
नुसतं चालत राहायचं.
पण शेवटच्या वळणावर करंज पुन्हा लागले
तेव्हा ते मला ओळखीचे वाटले नाहीत.
उजेड दुसऱ्या बाजूनं पडला होता, इतकंच असेल.

फाटकाशी वही उघडीच.
परतल्याची वेळ, नऊ पंचवीस.
शेऱ्यात माझ्या आधीच्यानं लिहिलंय, छान.
त्याच्या आधीच्यानं, खूप छान, डास आहेत.
मी पेन हातात धरून उभी.
काथोड चहाच्या टपरीकडे बघत होता,
माझ्याकडे मुद्दाम नाही.
बुटावरचा चिखल वाळून तडकायला लागला होता.

मग लिहिलं, त्याच जुन्या अक्षरात,
शिरोरेघ सरळ, वेलांटी पुरी:
पूल क्रमांक दोन, डावीकडून चौथी फळी सैल आहे.
खाली निवटी आहेत. मोजल्या, अकरा.
रकाना अपुरा पडला,
अकरा समासात गेलं.