एक तास पाच मिनिटं

स्टाव्हांगरहून पाच दहाला निघालेलं विमान
अ‍ॅबरडीनला पाच पंधराला उतरतं.
घड्याळाला विचाराल तर पाच मिनिटांची वाट,
दूध उतू जायला लागतात तेवढी.
जाताना मात्र दोन तास जातात.
मधला एक समुद्रात पडतो, आणि येताना
आपण तो वेचून आणतो,
असं जुई पहिलीत असताना समजत होती.

आता ती अकरा वर्षांची आहे.
गळ्यात विमानकंपनीचं प्लास्टिकचं पाकीट,
त्यात पासपोर्ट आणि एक कागद:
पाठवणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही,
कुरियरच्या पावतीवर असतात तशा.
महिन्यातले दोन शनिवार-रविवार हेरंबचे.
कोर्टात बाईंनी अंतर विचारलं होतं.
पाचशे किलोमीटर, मी म्हटलं, तीन-चार इकडेतिकडे.
फार नाही, म्हणाल्या, आणि लिहून घेतलं.
आमच्याकडे अंतर देतातसुद्धा,
हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचलं नाही.

आज डाइसच्या विमानतळावर हार आहे.
इथे समुद्रावरून चालून येणाऱ्या धुक्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी शेजारच्या मोरागबाई
कुंपणावरून म्हणाल्या, उद्या हार येणार,
आणि मी विचारलं, कुणासाठी?
हेरंब किती हसला होता.
तेव्हा तो हसायला इथेच असायचा.

सहा वाजता आवाज ऐकला मी.
छपरावरून गेला, वळला, पुन्हा गेला.
काचेबाहेर पांढरं, नुसतं पांढरं,
धावपट्टीचे दिवेसुद्धा गिळलेले.
मग तो आवाज पूर्वेला बारीक होत गेला
आणि फलकावर अक्षरं बदलली:
परत वळवले.

नववीत पेठकर सरांनी शिकवलं होतं,
अंतर वेगळं, विस्थापन वेगळं.
निघालात तिथेच आलात
तर कितीही चाला, विस्थापन शून्य.
फळ्यावर त्यांनी घाण्याचा बैल काढला होता,
शिंगं जरा जास्तच मोठी.
आम्ही दोघंही या गावात तेलासाठीच आलो, सर.
मुलगी हजार किलोमीटर उडून
निघाली तिथेच उतरली आहे.
मी बारा वर्षांत कुठून कुठे आले
त्याचा बाण कसा काढायचा
ते मात्र तुम्ही पुढच्या तासाला सांगणार होतात.

फोन आला. पोचली, हेरंब म्हणाला,
सकाळच्या पहिल्या विमानात बसवतो.
मग थोडा वेळ नुसताच समुद्र.
तू जेवलीस का?
मी म्हटलं, हो. पर्समध्ये अर्धं सँडविच होतं,
त्यामुळे अगदीच खोटं नव्हे.

मग जुई. आई, मी तुझ्यावरून गेले, दोनदा!
वर ऊन होतं. तू खालीच होतीस ना?
होते.
मी हात केला.

गाडीपाशी येऊन मीही केला,
नक्की कोणत्या बाजूला ते न कळून.
शेजारच्या टॅक्सीवाल्याला वाटलं, त्यालाच.
त्यानं दिवे लावले.

तीन तास चाळीस मिनिटं, पार्किंगचं मशीन म्हणालं,
आणि पूर्ण चार तासांचे पैसे घेतले.