शून्य ते सहा

सिव्हिलच्या चामडीच्या ओपीडीत
डॉक्टरीण माझ्याशेजारी बाकावरच येऊन बसते. नवीन आहे.
हातातल्या पॅडवर कागद, कागदावर चौदा वाक्यं,
प्रत्येकापुढे शून्य ते सहा.
'बरोबर-चूक काही नसतं, अक्का.
गेल्या आठवड्यात कसं वाटलं, तेवढंच सांगा.'

मापाचं मला नवल नाही.
एकोणतीस वर्षं पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून
कात्री फिरवली आहे.
कारखान्यात चेकर मूठभर विड्या उचलतो,
दाबून बघतो, छाट बाजूला फेकतो.
छाटलेल्याचे पैसे नाहीत.
पण तीही कुणीतरी ओढतंच, बाई,
आणि धूर तेवढाच येतो.

पहिलं: मला आरशात बघायला नको वाटतं.
आरसा दाराच्या मागे टांगलाय. दार दिवसभर उघडं.
लिहा एक.

दुसरं: माझा चेहरा माझा वाटत नाही.
हे मशीनला विचारा.
रेशनच्या दुकानात अंगठा टेकवते, लाल दिवा.
पदराला पुसून टेकवते, लाल दिवा.
दुकानदार कार्डावरचा फोटो बघतो, मला बघतो,
'ही बहीण का तुमची?'
नरसूबाई मल्लय्या येमूल, मी सांगते.
तोंड पुरतं उघडत नाही,
नावसुद्धा चिमटीतून काढल्यासारखं निघतं.

चौथं: लोकांना माझं दिसणं खटकतं.
आता हे कसं सांगू.
कपाळाच्या आठ्या गेल्या, गालाच्या सुरकुत्या गेल्या,
कातडी बसली मागावरच्या ताण्यासारखी.
घरकुलातल्या बायका म्हणतात,
'काय लावतेस गं? पंधरा वर्षांनी लहान दिसतेस.'
त्याच बायका माझी बोटं बघून
पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवतात, हातात देत नाहीत.
चेहऱ्याला शून्य, हाताला सहा,
एकाच दारात, एकाच मिनिटात.
'एकच आकडा, अक्का.'
मग मधला घाला. तीन.
तीन मला कधीच वाटलेलं नाही.

सातवं: मी अंग झाकून घेते.
मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
लोकरीचे हातमोजे घालून बँकेत जाते.
आत एसी, बोटं आधी पांढरी, मग निळी.
वॉचमन हसतो.
ते लपवणं आहे की ऊब, ठरव तूच.

अकराव्याला ती आवाज खाली आणते.
जवळचा माणूस हात लावायचं टाळतो.

मल्लय्या यंत्रमागावर. खटखटीनं कान गेलेत.
पाळीवरून येतो, माझी कडक भाकरी
आमटीत कुस्करून ठेवतो; चतकोर तोंडात मावत नाही.
मग दार लावतो. कडी घालतो. खिडकीला चादर.
सूप स्वतःच्या मांडीवर घेतो.
पान मी कापते, वळते कशीबशी,
दोरा बांधायला बोटं मिटत नाहीत.
दोरा तो बांधतो.
कुणाची चाहूल लागली असं मी खुणावलं की
सूप पलंगाखाली, मांडी झटकून
भिंतीकडे बघत बसतो, चोर पकडल्यासारखा.
बायकांचं काम ना.
दिसण्याची काळजी म्हणता तुम्ही;
आहे की आमच्या घरात. माझी नाही एवढंच.
तिच्यासाठी रकाना आहे का?

ती कागद उलटा करून बघते. कोरा.

आणि ऐक, दार लावलं की आरसा समोर येतो.
त्यात तो दिसतो, मान खाली, दोऱ्याचं टोक दातात,
शेजारी मी, आहे तशी.
पहिल्याचा आकडा खोड.

किती घालू, ती विचारते. मला पटकन सुचत नाही.
मागे नंबर पुकारतात.
शेवटी सही. सही येत नाही, म्हणून शाईचं पॅड.
अंगठा उमटतो: काळा ठिपका, आत एकही रेघ नाही.
डॉक्टरीण फुंकर मारून वाळवते.
चालतं, म्हणते.