बोटभर

रात्रीचे साडेनऊ. मनीषनगर, आमच्या इमारतीचं तळघर.
भिंती दिवसभर प्यायलेलं ऊन अजून बाहेर टाकत होत्या.
मी मागच्या सीटवर ओणवा,
हातात माहितीपुस्तिका, चौदा भाषांत, मराठी सोडून,
आणि एक पट्टा, कुठल्याशा फटीतून ओवायचा.
पाठमोऱ्या खुर्चीला निळी फट. लाल नंतरची, मोठं झाल्यावरची.
मी दोनदा लालमधूनच ओवला.

नत्थूजी काठी टेकून बघत होते.
"उलटी काऊन लावून रायले जी?
पोरगी काय मागचंच पाहात येईन?"

मी सांगितलं, शलाकाच्या आईला सांगितलं होतं तसंच:
गाडी थांबते, अंग थांबत नाही.
तिचं डोकं अंगाच्या मानानं जड,
मानेतली हाडं अजून पुरती हाडं झालेली नाहीत.
तोंड पुढे असेल तर सगळा हिसका एकट्या मानेला.
पाठमोरी असेल तर डोकं, मान, पाठ
तिघं मिळून खुर्चीवर रेलतात.
आणि पुढच्या सीटवर नाहीच, तिथं एअरबॅग आहे.

ते काही बोलले नाहीत.
टॉर्च माझ्याकडे दिला, काठी खांबाला लावली,
चपला काढल्या, का कोण जाणे,
आणि आत येऊन रिकाम्या खुर्चीत गुडघा रोवला.
"वढा आता."

ओढला. पट्टा जातो तिथंच धरून हलवून पाहिली.
बोटभर हलली. बोटभर चालतं, असं लिहिलंय.
कडेचा बाण जमिनीशी समांतर आला,
फार उभी नको, हनुवटी छातीवर पडून श्वास अडतो.

आता आत बाळ हवं. बाळ रामदासपेठेत, चौथ्या मजल्यावर.
वरून चिन्नोर तांदळाची पिशवी आणली, तीन किलोची,
तिच्याहून दोनशे ग्रॅम वजनदार.
पिशवीला खांदे कल्पून पट्टे त्यांच्या किंचित खालून काढले.
चिमटीत पट्ट्याची घडी येत होती. आवळले.
आता चिमूट नुसती घसरली.

"झालं," मी म्हणालो.

"आमची सून समोर बसली होती," नत्थूजी म्हणाले,
"मांडीवर घेऊन. वाडीनाक्यापाशी."
टॉर्च तांदळावर होता.
वर कुणाच्या तरी कूलरचं पाणी ठिबकत होतं.
पुढचं वाक्य आलंच नाही.
त्यांनी पिशवी उचलून माझ्या हातात दिली,
गुडघा पुन्हा रोवला, या वेळी सगळा देह घालून.
"बोटभर हलते अजून. वढा."

मी ओढला.

सकाळी दवाखान्याच्या दारात अकरालाच ऊन बेचाळीसचं.
रात्री भिजवलेला पंचा खुर्चीवर अंथरला होता,
तरी बक्कल आधी मनगटाच्या आतल्या अंगाला लावून पाहिलं.
नर्सनं तिला दुपट्यात घट्ट गुंडाळून दिलेलं.
मी सोडायला लागलो तशा सासूबाई: "अगो बाई, उघडी करता?"
पायांमधूनही एक पट्टा जातो, आई.
आधी पट्टे, मग दुपटं. वरून.
ती रडली. बेंबीपासून, लाल होऊन.
चिमटी घेतली. घसरली.

शलाका तिच्याशेजारी मागे बसली.
मी चाळीसच्या वर गेलो नाही,
छत्रपती चौकात मागच्या ऑटोवाल्यानं माझा उद्धार केला.
आरशात मला खुर्चीची पाठ तेवढी दिसत होती,
आणि शलाकाचा हात, तिच्या बाजूला.
नाव अजून ठरलेलं नाही. "झोपली," शलाका म्हणाली.

फाटक उघडून नत्थूजी बाजूला झाले.
गाडी आत गेल्यावर मागच्या काचेशी आले, वाकले,
काचेवर दोन्ही तळव्यांचा आडोसा करून पाहात राहिले.
तिला वीतभरापलीकडचं अजून दिसत नाही.
तरी पूर्ण इमारतीत
तिच्यासमोर तेव्हा तेच होते.