कोणीही

एकोणचाळिसाव्या ओळीवर तो नियम होता,
नीट लिहिलेला, स्वल्पविरामासकट:
अग्निशमन बोट आली तर दार उघड.
त्यात चूक नव्हती.
तरी वाल नदीच्या जलपाशापुढे
पहाटे तीन चाळीसला
लाल बोट अकरा मिनिटं उभी राहिली,
आणि पलीकडे एका मालवाहू जहाजाचं स्वयंपाकघर
निवांत जळत राहिलं.

माणसं वाचली. कुत्रंही.
चौकशीचा कागद आमच्या टेबलावर आला.

फ्राउक्ये चष्मा कपाळावर सरकवते.
एकतीस वर्षांपूर्वी हे सगळं तिनंच लिहिलं,
या शुक्रवारी ती निवृत्त होते आहे.
पडद्यावर बोट टेकवून ती वर जाते,
एकोणचाळीस, अडतीस, सदतीस,
अंधारात जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात तशी,
आणि नवव्या ओळीवर थबकते.

तिथे एक आडवी रेघ आहे.
या भाषेत त्या रेघेचा अर्थ: कोणीही.
कोणीही आलं तर थांबव.

यंत्र वरून खाली वाचतं.
जुळलं की तिथंच बसकण मारतं,
पुढचं पान उलटत नाही.
"खालचा नियम खोटा नव्हता," ती म्हणते,
"त्याचा नंबरच लागला नाही."

मी नवा. मी विचारतो,
नेमकं आधी आणि मोघम नंतर, एवढं यंत्राला कळू नये?
"काही भाषांना कळतं. त्या आपणहून
नेमके नियम वर नेऊन ठेवतात.
ही तुम्ही ज्या क्रमानं बोललात, त्या क्रमानं ऐकते.
तेव्हा मला तो तिचा प्रामाणिकपणा वाटला होता."

कॉफी येते.
बिस्किटाच्या पुड्यावर ती कंसात कंस काढते.
"शाळेत काय शिकवलं?"
आधी आतला कंस.
"मग आत लिही: या नदीवरून जाणारी सगळी जहाजं मोज.
बाहेर लिही: रविवार असेल तर शून्य, नाहीतर ती संख्या.
समज, आज रविवार आहे,
आणि तू आतून सुरू केलंस.
उत्तर कधी देशील?"

खिडकीबाहेरून वाळूचं एक जहाज गेलं.
मागून दुसरं. त्याच्यावर कपडे वाळत होते.
मी मोजायला लागलोच होतो.

"बाहेरून आलास, तर आधी विचारशील:
मोजून हवंय कोणाला?"

खाली तेच जहाज जलपाशात शिरलं.
मागचं दार मिटलं, पाणी हळूहळू चढलं,
मग पुढचं उघडलं.
दोन्ही एकदम उघडली तर नदी कालव्यात घुसेल,
हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

ती ओळ उचलते. एकोणचाळिसावरून आठवर.
एक अक्षर बदलत नाही. फक्त जागा.
"हार्लिंगनला माझा भाऊ असतो," ती सहज बोलल्यासारखं बोलते.
"त्याला फोन करायचाही एक नियम होता.
फार खाली लिहिला होता मी.
वर कायम काहीतरी जुळायचं."
मग ती कपातली उरलेली कॉफी कुंडीत ओतते.

शुक्रवारी केक झाला, भाषण झालं,
तिची खुर्ची कोणीतरी दुसऱ्या खोलीत नेली.

सोमवारी सकाळी पुन्हा एक तक्रार.
लाल बोट काम आटोपून परतत होती,
रिकामी, संथ, कोणाचीच घाई नसलेली,
आणि तिच्यासाठी दार आधी उघडलं.
आजारी माणूस घेऊन येणारं जहाज
मागे थांबून राहिलं.

मी आठव्या ओळीवर बोट ठेवतो.
अग्निशमन बोट.
जाताना की येताना, ते आम्ही लिहिलंच नव्हतं.
हीसुद्धा एक आडवी रेघच,
फक्त लाल रंगाची.

मी एक अट जोडतो.
मग नवव्या ओळीकडे बघत राहतो.
ती काढून टाकता येत नाही,
कारण कोणीही कधीही येतंच.